मोडता येईल असं चित्र

माझ्या सासूबाई धोंडाबाई कुणाला भीत नाहीत. अहमदपूरच्या बाजारात भाजीवालीला चार शब्द सुनावतात आणि वर कोथिंबिरीची काडी फुकट घेऊन येतात. पण गेल्या वर्षी त्या एका पुठ्ठ्याच्या चित्रापुढं अडल्या.

त्याआधी सासऱ्यांना, अण्णारावांना, लकवा झाला होता. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस; तिकिटं फाडणारा त्यांचा उजवा हात आता मांडीवर पडून राहायचा. लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं, बोटं कामाला लावा, नाहीतर कायमची आखडतील. रबरी चेंडू दिला तर अण्णारावांनी भिरकावला. "लेकरू हाय का मी?" म्हणून मी मोठ्या माणसांचं पझल मागवलं. जुन्या तैलचित्राच्या छापील प्रतीचे पुठ्ठ्याचे तुकडे जोडत बसायचं. चित्र निवडलं कमळावरच्या लक्ष्मीचं. वाटलं, घरात सगळ्यांना आवडेल.

आवडलं, आणि तिथंच घोळ झाला. अण्णाराव रोज तुकडे लावू लागले, बोटं अंगठ्याला टेकू लागली. चित्र पुरं झालं त्या दिवशी सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, आता मोडून परत लावायचं असतं.

"देव मोडतेत का कुठं?"

झालं. जेवायच्या टेबलावर लक्ष्मी आणि आम्ही सगळे खाली फरशीवर. अण्णारावांचा हात पुन्हा मांडीवर गेला. चमचाही डाव्या हातात आला. मला रागच आला. अशी कुठली भक्ती, की देवी बसावी आणि माणसाचा हात जावा?

शेवटी लक्ष्मीला काचेत मढवून भिंतीवर लावलं आणि मी सासूबाईंना मोबाईलवर दुसरी चित्रं दाखवायला बसले. बाळाला पाजणारी आई निघाली.

"मायलेकरं तोडू का मी?"

पिकलेलं शेत दाखवलं.

"उभं पीक मोडायचं व्हय?"

झाडाखालचं सुरेख घर दाखवलं, त्यावर नुसतीच नकाराची मान हलली. माझा धीर सुटला. "आत्या, मग राहू द्या. हात आखडला तर मला बोलू नका."

त्या मोबाईल माझ्या हातातून घेऊन स्वतःच बोटानं चित्रं सरकवत बसल्या. एका चित्रावर थांबल्या. त्यात संध्याकाळचं नदीचं पात्र होतं, ना माणूस ना होडी.

"हे मागव. काठी मारल्यानं पाणी दुभंगत न्हाई."

पाण्याचे तुकडे सगळे सारखेच दिसतात. अण्णाराव चिडायचे, उठून जायचे, परत येऊन बसायचे. पावसाळा संपता संपता नदी पुरी झाली. सासूबाई टेबलापाशी आल्या तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हातांकडं होतं. हळदकुंकू नव्हतं. त्यांनी नवऱ्याचा उजवा हात उचलून चित्रावर ठेवला.

"मोडा आता."

अण्णारावांनी बोटं पसरली आणि हात फिरवला. काही तुकडे खाली सांडले. मी उचलायला वाकले तर सासूबाईंनी मला दंडाला धरून मागं ओढलं. अण्णाराव हळूहळू वाकले. अंगठा आणि बोटात एक तुकडा धरून वर आणला आणि तिकीट द्यावं तसा बायकोपुढं केला.

"सुट्टे न्हाईत माझ्यापाशी," सासूबाई म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.