बाबांच्या खांद्यावरचा पदर

माझे बाबा रोज साडी नेसायचे. असं सांगितलं की बाहेरचा माणूस हसतो, हे मला आता माहीत आहे. आधी माहीत नव्हतं. माझी सगळी अक्कल तिथेच शेण खायला गेली.

बाबा मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या एका कापड दुकानात गादीवर बसून साड्या दाखवतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. आमच्याकडे लग्न ठरलं की बस्ता असतो. दोन्हीकडची माणसं मिळून दुकानात येतात आणि लग्नाचे सगळे कपडे एकाच बैठकीत काढून नेतात. सौंसर, रामाकोना, तिगाव, कुठून कुठून लोक येतात. होणारी नवरी मधोमध बसते, बाजूला सासू, मागे मावश्या आणि दाराजवळ चहा पीत सासरा. आता त्या पोरीनं सासऱ्यासमोर उठून साडी लावून पाहायची म्हणता? ती मान वर करायला तयार नसते. मग बाबा उठायचे. शर्टपँटवरूनच भराभर निऱ्या घालायचे, पदर स्वतःच्या खांद्यावर घ्यायचे आणि हळूच वळायचे, आधी समोरून, मग मागून. जाड मिशी, खिशाला पेन आणि अंगावर लालभडक शालू. बौद्ध घरचा बस्ता असला की पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा निघायचा आणि बाबा तेवढ्याच शांतपणे पांढरी साडी अंगावर घ्यायचे.

"परक्या बाईच्या अंगाले हात नाई लागला पायजे, आन् साडी त दिसली पायजे," ते सांगायचे. "मंग कोनाच्या अंगावर टाकू?" इतकं साधं होतं ते. त्या गादीवर कोणी कधी हसलं नाही. नवरी बाबांकडे पाहायचीच नाही, पदराकडे पाहायची. घरीही तसंच. दिवाळीला आईसाठी साडी आणली की स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आधी स्वतःवर टाकून दाखवायचे, आणि आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची की रंग काही उठून नाही दिसत. मग नेसायची मात्र तीच.

मी नागपूरला राहून सोशल मीडियाचं काम शिकून आले. दुकानांची पेजं सांभाळायची, फोटो-व्हिडिओ टाकायचे, लोकांशी बोलत राहायचं, असं ते काम. घरच्यांना समजावता समजावता माझा जीव गेला. मावशीनं विचारलं, याची सरकारी परीक्षा कधी असते. काका म्हणाले की पोरगी दिवसभर मोबाईल पाहते आणि त्याले नोकरी म्हनते. आईनं बी.एड.चा फॉर्म आणून फ्रिजवर ठेवून दिला होता. फक्त बाबांनी काही विचारलं नाही. ते सरळ दुकानाच्या मालकांकडे, सेठजींकडे गेले आणि म्हणाले, आपल्या दुकानाचं ते मोबाईलचं काम माह्या पोरीले द्या. इतक्या वर्षांत बाबांनी सेठजींजवळ स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. पहिल्यांदा मागितलं ते माझ्यासाठी.

काय ऐट होती तेव्हा माझी! भिंतीवर महिन्याचा तक्ता लावला. सोमवारी नवीन माल, बुधवारी काठांची माहिती, शुक्रवारी एखाद्या गिऱ्हाइकाचं मनोगत. पुतळ्यांना साड्या नेसवून फोटो काढले. खाली मराठीत लिहावं तर सेठजी म्हणायचे हिंदीत लिही, दुकानाचा बोर्ड हिंदीत आहे. हिंदीत लिहिलं तर ज्यांनी वाचायचं त्या बाया एकमेकींशी मराठीत बोलून राहिल्या असायच्या. फोटो आवडल्याचं कोण कळवायचं? सौंसरला दिलेली माझी मोठी बहीण, तिच्या दोघी नणंदा आणि मी स्वतः. सेठजी रोज संध्याकाळी विचारायचे, आज किती झाले. मला घाम फुटायचा. मग एक दिवस ते म्हणाले की छिंदवाड्याची एक पार्टी येऊन गेली, ते लोक सगळं करून देतात, तर आपण लग्नसराईपर्यंत पाहू. बाबा शेजारीच साडीची घडी घालत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण घडी चुकली. त्यांची घडी चुकलेली मी पहिल्यांदा पाहिली.

त्या आठवड्यात सौंसरचा एक मोठा बस्ता आला. मी कोर्समध्ये शिकले होते की ज्याचा व्हिडिओ काढायचा त्याची परवानगी घ्यायची. मी शहाण्यासारखी कागद घेऊन नवरीच्या आत्याकडे गेले. ती म्हणाली, पोरीचा चेहरा नको. मी म्हटलं, नाही येणार. सासूला विचारलं, मावश्यांना विचारलं, सासऱ्यालासुद्धा विचारलं. बाबांना विचारलं नाही. बापाला कोण कागद देतं? ते तर घरचेच होते.

मी नवरीच्या पाठीमागे बसले. दारातून उजेड येत होता. बाबांनी वांगी रंगाचा शालू अंगावर घेतला, पदर पसरला आणि वळले. त्या वळण्यात काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. लहानपणापासून पाहत आलेली गोष्ट मला त्या मोबाईलच्या चौकटीत पहिल्यांदा सुंदर दिसली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मी खाली लिहिलं, "नवरी लाजली की आमचे बाबा उभे राहतात." आणि टाकून दिलं.

दोन दिवस मी हवेत होते. पाहणाऱ्यांचा आकडा वाढतच चालला होता. नागपूरच्या मैत्रिणींचे फोन आले, सेठजींनी माझ्यासाठी समोसा मागवला. तिसऱ्या दिवशी मी खालची मतं वाचायला बसले. सगळी इथे लिहिणार नाही. 'मिशीवाली नवरी' हे त्यातल्या त्यात सभ्य होतं. कोणाला तरी बाबांच्या वळण्यावर नाचाचं गाणं लावायचं सुचलं. त्यानं तेवढाच तुकडा कापून पुन्हा पुन्हा जोडला. त्या व्हिडिओत बाबा वळतात, वळतात आणि थांबतच नाहीत. मग दुसऱ्यानं कंबरेवर हात ठेवून, मान वाकडी करून त्यांची नक्कल केली. मग दहा जणांनी केली. त्यातले कोणीही कधी बस्त्याला बसलेले नसावेत, किंवा बसले असतील आणि विसरले असतील.

शिकलेलं सगळं करून पाहिलं. वाईट मतं लपवली, माणसं अडवली, तक्रारी केल्या. तक्रारीचं उत्तर आलं की यात नियमाविरुद्ध काही आढळलं नाही. खरंच नव्हतं. साडी नेसलेला एक माणूस आणि एक गाणं, यात नियम कुठला मोडतो? मला राग येत होता आणि तो राग काढायला समोर कोणी नव्हतं. ज्यानं गाणं लावलं त्याचं गाव कोणतं, तोंड कोणतं, काहीच माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर माल त्याच्या हातात मीच नेऊन दिला होता.

बाबांकडे बटणांचा साधा फोन. म्हटलं, त्यांना कळणारच नाही. किती मूर्ख असावं माणसानं! त्याच आठवड्यात रामाकोन्याला नात्यातलं लग्न होतं. मी काम आहे म्हणून गेले नाही, आई-बाबा गेले. तिथे जेवणाच्या पंगतीतून उठताना वरातीतल्या दोघा-तिघांनी बाबांना घेरलं, खांद्यावर कोणाची तरी ओढणी टाकली, मोबाईल समोर धरले आणि म्हणाले, काका, वळून दाखवा ना. आईनं मला हे परत आल्यावर सांगितलं, भाजी निवडता निवडता. "मंग?" मी विचारलं. "मंग काय. हसले तुहे बाबा. एक चक्कर घेतली बी," ती म्हणाली.

बाबांनी मोरीत पाय धुतले, बाहेर येऊन खुर्चीवर बसले आणि मला एवढंच विचारलं, "बेटा, ते काढून टाकता येते का?"

मी म्हटलं, "येते, बाबा." मी माझा व्हिडिओ काढून टाकला. बाकीचे शेकडो कुठे कुठे फिरत होते त्यांना मी हातही लावू शकत नव्हते, पण ते मी बाबांना सांगितलं नाही. त्यांना वाटलं, भिंतीवरचं पोस्टर काढावं तसं ते निघालं.

दुसऱ्या दिवशी सेठजींनी बोलावलं. ते भडकले होते. नागपूरहून गिऱ्हाईक येऊन विचारून राहिलं की ते साडीवाले काका कुठे आहेत, आणि तू व्हिडिओ हटवते? त्यांनी नाचाच्या गाण्याचाच एक व्हिडिओ शोधून कोणाकडून तरी दुकानाच्या पेजवर चढवून घेतला होता. मी सांभाळत असलेल्या पेजवर. खाली दुकानाचा पत्ता. ते म्हणाले, आता असा एक नवीन दर आठवड्याला पाहिजे, जमत नसेल तर छिंदवाड्याची पार्टी तयार बसली आहे. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या आजारपणात त्यांनीच गाडी दिली होती. त्यांना खरंच वाटत होतं की बाबांचं नाव होऊन राहिलं.

घरी येऊन मी जाहीर केलं की काम सोडते. आई फ्रिजकडे पाहायला लागली. बाबा म्हणाले, "सोडू नको. माह्या शब्दावर ठेवलं त्याईनं तुले. काढ व्हिडिओ."

"बाबा, लोक हसतात तुमच्यावर."

"हसूनच राहिले ना? मारून त नाई राहिले."

मी खूप भांडले. नाही म्हटलं, रडले, तुम्हाला काही कळत नाही असंही म्हटलं, जे म्हणायला नको होतं. बाबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले की सोमवारी दुपारी दुकान रिकामं असतं, तेव्हा ये. मी सोमवारी गेले. का गेले, याचं उत्तर मी स्वतःला अजून दिलेलं नाही. त्यांच्यासाठी गेले असं सांगायला बरं वाटतं, पण मला ते काम हवंच होतं.

बाबांनी केस विंचरले होते. धुतलेला शर्ट घातला होता. कुठे उभं राहू, असं त्यांनी विचारलं. आजवर असं त्यांनी त्या दुकानात कोणाला विचारलं नसेल. मी म्हटलं, रोजच्यासारखंच करा. त्यांनी हिरवा शालू घेतला, निऱ्या घातल्या, पदर खांद्यावर टाकला. आणि मग वळताना कंबरेवर हात ठेवला, मान वाकडी केली आणि कॅमेऱ्याकडे पाहून पदर उडवला. हुबेहूब त्या नक्कल करणाऱ्यांसारखं. म्हणजे त्यांनी ते पाहिलं होतं. कोणीतरी दाखवलं होतं, आणि मला हेच लागतं असं समजून त्यांनी ते बसवून घेतलं होतं.

"बरोबर झालं का?" ते म्हणाले. "नाईतर अजून एक डाव करतो."

मी आधी काय पाहिलं असेल तर उजेड. उजेड बरोबर आला होता. मी म्हटलं, "झालं, बाबा."

ते अजून शालूची घडी घालत होते तेवढ्यात तिगावचा बस्ता आला. त्यांच्यातली एक म्हातारी आत्या बाबांना ओळखत होती. माझ्या पोरीच्या वेळी दाखवली होती तशी अंगावर टाकून दाखवा न भाऊ, असं ती म्हणाली. बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी मोबाईल पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि पर्स पार गल्ल्यामागे नेऊन ठेवली. बाबांनी ते सगळं पाहिलं. मग कोपऱ्यातला पुतळा ओढून आणला आणि त्याला साडी नेसवायला लागले. आत्या म्हणाली, याच्यात काही समजत नाही बा. बाबा म्हणाले की आता असंच दाखवतात.

आज ते पेज जोरात आहे. सौंसरच्या एका संत्र्याच्या नर्सरीचं कामही मला मिळालं. तक्ता भिंतीवर आहे आणि सोमवारच्या रकान्यात 'बाबा' असं लिहिलेलं आहे. सोमवारी बाबा कॅमेऱ्यासमोर पदर उडवतात. बाकीचे दिवस बस्त्याला आलेल्या नवरीला पुतळ्यावर साडी दाखवतात.

यंदा दिवाळीला त्यांनी आईसाठी साडी आणली, डब्यातच, आणि ओट्यावर ठेवून हातपाय धुवायला गेले. आईनं लाटणं खाली ठेवलं, हात पुसले आणि सवयीनं दाराकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली. मोरीतून पाण्याचा आवाज येत राहिला. मग तिनं स्वतःच डबा उघडला, साडीची घडी मोडली आणि पदर माझ्या खांद्यावर टाकला.

"वळ न जराशी," ती म्हणाली.

मला वळता आलं नाही.