माझ्या एका उपासाचे सोळा शुक्रवार

मी एका शुक्रवारी उपास धरला आणि आमच्या घरातून चिंच, दही, लिंबू नि कैरी हद्दपार झाली.

झालं असं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते, तिथं शेजारच्या खाटेवर खकनार गावच्या मार्थाबाई. रिटायर नर्स. दोघींच्या एकेका डोळ्याला पट्टी, (म्हणजे दोघींत मिळून डोळे दोनच!) टीव्ही बघायची बंदी. मग त्या मला येशूच्या गोष्टी सांगत बसायच्या. ऐकता ऐकता आत काय हाललं ते मला अजून सांगता येत नाही. पट्टी काढून डॉक्टरनं विचारलं, "अम्मा, साफ दिखता है?" मी "हो" म्हटलं आणि रडायलाच लागले. आनंद एवढा, की कोणाला सांगू नि कोणाला नको. घरी आले आणि कळलं, कोणालाच सांगायची सोय नाही.

कारण अक्का. माझी मोठी नणंद. इतवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात चाळीस वर्षं हुकूम त्यांचा. एका भाच्यानं देव बदलला, तर त्याच्या घरचं पाणीसुद्धा त्या प्यायल्या नव्हत्या. आणि अक्का जेवतात फक्त माझ्या हातचं. माझं कळलं आणि उद्या त्यांनी ताट बाजूला सारलं तर? म्हणून मी प्रार्थना करायची ती कांदा चिरताना. (डोळे मिटले, रडले, तरी कोणी विचारत नाही.)

तेवढ्यात येशूला क्रुसावर दिलं तो शुक्रवार आला. मार्थाबाई फोनवर म्हणाल्या, "जमला तर उपास करा, जबरदस्ती नाही." मी केला. अक्कांनी माझं रिकामं ताट पाहिलं.

"काय गं सुमन, जेवत नाहीस? आज शुक्रवार... सोळा शुक्रवार धरले का काय संतोषीमातेचे?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण मान हलली. ह्या घरात अक्कांनी काही विचारलं की माझी मान मला न विचारता हलते.

"मग सांगायचं नाही का आधी! बाळू, आजपासून घरात आंबट बंद."

बाळू म्हणजे आमचे हे. कारखान्यातून साहेब होऊन रिटायर झाले, तरी अक्कांपुढे बाळूच. "अक्का, व्रत तिचं. मी काय गुन्हा केला?"

"तिच्या व्रतात तुझ्या जिभेनं खोडा घालायचा नाही."

"अगं, पण कैरीचे दिवस आलेत!"

"येऊ दे. जातीलही."

आणि गेले! त्या वर्षी आमच्या घरी लोणचं पडलं नाही. हे बिनताकाची, बिनलिंबाची जेवणं गिळायचे आणि माझ्याकडे असं बघायचे, जसं मीच क्रूस उभा केला. दर शुक्रवारी मी ठरवायची, आज सांगते. तोंड उघडलं की अक्का त्यात गूळ-फुटाणे घालायच्या. कथा वाचायला बसल्या की मी समोर हात जोडून बसायची आणि मनात म्हणायची, येशूबाबा, वाचव. मार्थाबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "खरं बोला, भिऊ नका." त्यांना काय, त्या खकनारला राहतात.

मग इंदूरहून सुनेचा फोन. आवाज रडवेला. "आई, खरं सांगा, नातवासाठी मन्नत मांगी है ना? अक्काआजींनी सगळीकडे सांगितलंय. मला किती टेन्शन आलंय!"

"अगं नाही गं, तुझ्यासाठी नाही."

"मग कशासाठी?"

मी फोन ठेवून दिला. आता माझ्या भित्रेपणापायी ती पोर रडत होती. त्या दिवशी कांदा न चिरताच रडले.

उद्यापनाचा दिवस आला. गल्लीतली पोरं जेवायला बोलावलेली, खीर चुलीवर, पुऱ्यांची कणीक मळलेली. अक्का म्हणाल्या, "चल, पूजेला बस. मनातली इच्छा देवीला बोलून दाखव."

देवीपुढे खोटं बोलायचं? ते काही मला जमेना. मी ओटा धरला.

"अक्का, मी उपास देवीचा धरला नव्हता. येशूचा धरला होता."

खिरीतला डाव थांबला. "कोणाचा?"

"येशूचा. दवाखान्यापासून मी त्यालाच मानते. खूप आनंद होतो, अक्का. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती."

"आणि हे सोळाही शुक्रवार त्याचेच?"

"नाही. त्याचा तो एकच होता."

"एकच?" हे दारातून ओरडले. "अगं, मग माझं लोणचं?"

अक्कांनी खीर उतरवली. स्वतः पूजेला बसल्या, देवीची माफी मागितली, उद्यापन आपल्या नावावर करून टाकलं. मी पुऱ्या तळत राहिले. पोरं जेवून गेली. मग मी अक्कांचं ताट वाढलं, समोर ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. जीव सगळा त्या ताटात.

अक्कांनी पुरीचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला, खाल्ला. "वेलदोडा कमी पडला," म्हणाल्या. "उभी काय? बस. आणि सुनेला फोन कर आधी, नातवाचं काही नव्हतं म्हणावं. नंतर सांग, कोण हा तुझा येशू."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! फोन केला आणि बसलेच सांगायला. मेंढपाळाची शंभर मेंढरं असतात, एक हरवतं, बाकीची तिथंच सोडून तो त्या एकाला शोधायला रानात जातो, सापडल्यावर खांद्यावर घेऊन येतो.

अक्का दुसरी पुरी घेत म्हणाल्या, "आणि तेवढ्यात बाकीच्यांवर लांडगा आला तर?"

ते विचारायला मी मार्थाबाईंना फोन लावला, तर अक्कांनी माझ्या हातातून काढून घेतला. आता दर रविवारी दोघींचा वाद रंगतो. अक्का आपली पूजा सोडत नाहीत, मार्थाबाई आपला येशू सोडत नाहीत, फोन दोघी सोडत नाहीत. एवढी जिवावर उदार होऊन ह्या घरात येशूची ओळख करून दिली मी, आणि मी मध्ये काही बोलायला गेले की अक्का म्हणतात, "तू थांब गं, तुला त्यातलं काही कळत नाही."

आणि माझी मान हलते.