हात मिळवणारे डॅनिश आजोबा

मी नोकरीसाठी आलो त्या परक्या देशात, तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, ते रोज सकाळी भेटायचे. मुलीकडे राहायचे. तिकडे डेन्मार्कात एकेकाळी कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार होते. कॉफीवाल्या आंटीपासून टेबलं पुसणाऱ्या अंकलपर्यंत सगळ्यांशी हात मिळवल्याशिवाय बसायचे नाहीत, जणू मतदान उद्यावर आलंय. मला हसू यायचं.

परवा म्हणाले, "उद्या निघतोय. मुलीने नोकरी बदलली, पगार कमी झाला. नियमाने आता तिला वडील इथे ठेवता येत नाहीत."

"हा कसला नियम!" मी चिडून म्हणालो.

"आमच्याकडेही आहे. परक्यांनी म्हातारे आईबाप आणू नयेत म्हणून संसदेत मीच भांडलो होतो." मग विचारलं, "तुझी आई कुठे असते?"

"पुण्यात. एकटीच."

त्यांनी माझा हात पुन्हा धरला, आणि कॉफी निवली तरी सोडला नाही.