एल्स्पेटवहिनीची पहिली टर्की

आमच्या एल्स्पेटवहिनीने नाताळची टर्की पहिल्यांदा पाहिली ती लग्न होऊन आमच्या घरी आल्यावर. खोटं वाटेल, पण उत्तरेला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, तिच्या गावात, तेव्हा नाताळ पाळतच नसत. त्या दिवशीही तिचा बाप नेहमीसारखा जाळी दुरुस्त करत बसायचा. थंडीच्या तोंडावर हेरिंग मासळी दक्षिणेला सरकली की तिच्यामागोमाग तिकडच्या पोरी इंग्लंडातल्या आमच्या यार्मथ बंदरात मासे साफ करायला यायच्या. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, हातात आखूड सुरी. मासा उचलला की पापणी लवायच्या आत आतडं बाहेर. माझा थोरला भाऊ रूबेन एकदा बंदरावर सहज हिंडायला म्हणून गेला, आणि मग दर रविवारी सहजच जायला लागला. वर्षभरात लग्न.

आईला ही सून बिलकूल पसंत नव्हती. आम्ही दोघे भाऊ मालकाच्या शेतावर टर्क्या सांभाळणारे, बाप आयुष्यभर तेच करून गेला, आणि अशा घरात मासेवाली! तीन वर्षं आईने तिला चुलीला हात म्हणून लावू दिला नाही. कोळसा आण, भांडी घास, बस्स. वहिनी चुलीजवळ गेली की आई नाक मुरडून म्हणायची, "मासळीचा वास येतोय गं कुठूनतरी."

आणि त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी आई अंगणात बर्फावरून घसरली. मनगट सुजून भोपळ्याएवढं झालं. माझी बहीण म्यूरिएल नॉरिच शहरातून आलीच होती. तिच्याकडे गॅसची नवी शेगडी, खाली मोठ्या भट्टीसकट, त्यामुळे बाईंचा तोरा विचारूच नका.

"तरी मी म्हणत होते आई, नाताळ माझ्याकडे करा."

आई म्हणाली, "यंदाचं हिला करू दे. हिच्या हातून बिघडलं, तर पुढल्या वर्षापासून सगळे तुझ्याकडे."

हे वहिनीच्या तोंडावर! घरचा नाताळ नणंदेकडे जाणार म्हणजे या घरात सून असून नसल्यासारखीच की. वहिनी लाललाल झाली, पण बोलली एवढंच, "बरं, आई."

आता खरी अडचण ऐका. आमच्या गावात घरोघरच्या चुली इवल्याशा. नाताळच्या सकाळी सगळं गाव आपापली टर्की नाहीतर हंस परातीत घालून पाववाल्याच्या भट्टीत नेऊन द्यायचं आणि प्रार्थना आटोपून परत येताना भाजलेला पक्षी घरी न्यायचं. आईच्या ज्या टर्कीची एवढी कीर्ती, ती भाजायचा तो पाववाला! त्या वर्षी तो तापाने फणफणला होता आणि भट्टी थंड पडली होती. त्यात मालकाने आम्हाला दिलेला टर्कीचा नर एवढा दांडगा, की त्याला गिऱ्हाईकच मिळालं नव्हतं.

सकाळी रूबेनने तो चुलीच्या पोटातल्या छोट्या भट्टीत घालून पाहिला. आडवा घातला, उभा घातला, ढकलला. भट्टीच्या दाराबाहेर दोन तंगड्या लटकतच राहिल्या.

"दाराला सुतळी बांधू का?" मी विचारलं.

"तुझ्या तोंडाला बांध आधी," आई खुर्चीतून ओरडली.

म्यूरिएल हळूच म्हणाली, "माझ्या शेगडीत मावला असता हो."

वहिनी आत गेली आणि आपल्या पेटीतून सुरी घेऊन आली. तीच, बंदरावरची. बोटांना चिंध्या गुंडाळल्या आणि पक्षी फळीवर उताणा टाकला. करकर दोन आवाज आले, तंगड्या बाजूला. मग पाठीचा कणा सुटून आला. छातीचा भाग तेवढा अखंड ठेवला.

"अगं अगं अगं!" आई अर्धी उठलीच. "सण आहे की खाटीकखाना? टर्की अख्खी मांडतात ताटात! लोक काय म्हणतील?"

"लोक कुठे जेवायला येणार आहेत, आई?" वहिनी मान वर न करता म्हणाली. "आणि मला सांगा, माशाची शेपटी आणि पोट कधी एका वेळेला शिजतं का? मग ही जाडजूड तंगडी आणि ही छाती कशी शिजेल?"

तंगड्यांतली हाडं तिने मोजा उतरवावा तशी सोडवून घेतली, आत कांदा, पाव आणि सेज नावाच्या सुवासिक पाल्याचं सारण भरलं, सुई-दोऱ्याने शिवल्या आणि आधी त्या भट्टीत घातल्या. छाती मागाहून, वर डुकराच्या खारवलेल्या चरबीच्या चकत्या पांघरून.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. दर वर्षी थोरला मुलगा म्हणून रूबेन उभा राहून ऐटीत टर्की कापायचा. यंदा समोर नुसत्या चकत्या. आमच्याकडे टर्कीचं छातीचं मांस म्हणजे कसं, तर घशाखाली उतरवायला वाडगाभर रस्सा लागायचा, आणि तरी बाप बिचारा "छान झालंय" म्हणायचा. आईने पहिला घास घेतला. रस्स्याच्या भांड्याकडे हात गेला तिचा, पण अर्ध्या वाटेवर थांबला. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. रस्सा जागच्या जागी.

"बरंय," आई म्हणाली. आईच्या तोंडून बरं म्हणजे तोफांची सलामी! पण हार मानेल ती आई कसली? "एक दिवस कुणीही करेल. आता उरलेलं संपवून दाखव."

हा टोला जिव्हारी लागणारा होता, कारण आमच्याकडे उरलेली टर्की नव्या वर्षापर्यंत थंडगार ताटात येत राहायची आणि शेवटी मांजरसुद्धा पाठ फिरवायचं.

वहिनीने हाडं, कांद्याची पात आणि जव घालून मोठं पातेलं चढवलं. त्या सुपाच्या वासाने शेजारी कुंपणावरून डोकवायला लागले. दुसऱ्या दिवशी दुधाच्या दाट रश्शात मांस, आणि वर लोण्याची खुसखुशीत पारी घालून भाजलेलं. म्यूरिएल दुपारच्या बसने निघणार होती. ताट पुसून खाल्लं आणि म्हणाली, "उद्या गेले तर चालेल ना गं वहिनी?" उद्याला कोबी-बटाट्यात परतलेलं मांस होतं, बाई त्याही दिवशी गेली नाही. नवरा न्यायला आला, तो पण राहिला! शेवटचं उरलंसुरलं वहिनीने कुटून, लोण्यात घोळून बरणीत भरलं आणि पावाला लावायला दिलं.

एका सकाळी पाहतो तर आई फडताळाशी उभी. बऱ्या हाताने बरणी धरून चमच्याने तळ खरवडतेय.

"काय शोधतेस?" मी विचारलं.

"काही उरलं नाही का रे?" आई म्हणाली, आणि एकदम भानावर येऊन बरणी खाली ठेवली. पण मागे रूबेन, म्यूरिएल, तिचा नवरा, सगळे उभे. असे हसलो, असे हसलो, की आईलाही हसू आवरेना.

"म्यूरिएल," डोळे पुसत ती म्हणाली, "पुढल्या नाताळला तुम्हीच इकडे या."

तेवढ्यात वहिनी कोळशाची बादली घेऊन आली. आईला तिथे उभी पाहून ती सवयीने चुलीपासून बाजूला झाली. आईने खुर्ची ओढली, बटाट्यांची टोपली मांडीवर घेतली.

"तिकडे कुठे सरकतेस? चुलीपाशी हो. मी सोलते. सांग, किती हवेत?"

वहिनीने बादली ठेवली, पदराआडून हसावं तसं एप्रनमध्ये तोंड लपवून हसली आणि मग ऐटीत बाह्या सावरल्या.

"भरपूर. आणि सालं जरा पातळ काढा हं, आई."