जर्मनीच्या खेळमेळ्यात आमचं कच्चं लिंबू

“पत्ते खेळायला जर्मनीला? मंडईपाशी कट्ट्यावर बसा की, फुकटात होईल,” असं नाना म्हणाले तेव्हा आमची विमानाची तिकिटं काढून झाली होती. नाना म्हणजे माझे सासरे. पत्ते आणि बोर्ड गेम यांतला फरक त्यांना समजावून समजावून माझा नवरा मंदार थकलाय. आमच्या वारज्याच्या फ्लॅटमधल्या कपाटात कपडे कमी आणि खेळांचे खोके जास्त. एसेन शहरात दर ऑक्टोबरला बोर्ड गेमचा प्रचंड मेळा भरतो, तिथे एकदा तरी जायचं हे त्याचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न. यंदा मुलींच्या सुट्टीशी तारखा जुळल्या आणि मी हो म्हणून बसले.

नानांना चला म्हणायची सोय नव्हती. गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली, तेव्हापासून आम्ही त्यांना फुलासारखं जपतो. पिशवी घेऊन मंडईत जायचा त्यांचा जन्माचा शिरस्ता आम्ही बंद केला; भाजी आता मोबाइलवरून येते. आम्ही नसताना सोबतीला नणंद येणार म्हटल्यावर ते म्हणाले, “म्हणजे राखणदार ठेवताय.” आणि पेपर वाचू लागले.

घरातलं दुसरं जपायचं माणूस म्हणजे धाकटी इरा, वय सहा. कुठल्याही खेळात ती कच्चं लिंबू. म्हणजे ती खेळते, पण तिच्यावर राज्य येत नाही, ती आऊट होत नाही आणि तिचे गुण कुणी मोजत नाही. थोरली सई अकराची आहे, ती तर इराची पाळी आली की सवयीनंच दुसरीकडे बघते. विमानात इराने बाबाला विचारलं, “तिथे मी पक्की खेळणार ना?”

“बघू,” मंदार म्हणाला. आमच्याकडे ‘बघू’चा अर्थ काय होतो हे तिला चांगलं ठाऊक आहे. ती खिडकीकडे तोंड फिरवून बसली.

आता कामाचं. मुंबईहून फ्रँकफर्ट आणि तिथून रेल्वेने एसेन. रेल्वेची तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त. मेळ्याच्या दिवसांत तिथे राहायचे भाव ऐकून घाम फुटतो, म्हणून आम्ही शेजारच्या गावात स्वयंपाकघर असलेली छोटीशी जागा घेतली. सकाळी भाजणीचं थालीपीठ, रात्री मेतकूट-भात. बाहेर शाकाहारी माणसाला बटाट्याचा मोठा आधार आहे. मेळ्याची तिकिटंही घरूनच काढा. मोठ्या बॅगेत एक रिकामी बॅग ठेवा, येताना ती भरतेच. थंडी बोचरी असते पण दालनांच्या आत गरम होतं, तेव्हा मुलांना एकावर एक असे कपडे घाला.

पहिल्या दालनात शिरलो आणि मंदार दारातच थबकला. नजर जाईल तिथपर्यंत टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर माणसं खेळतायत. आजीबाई, मिशीवाले काका, गळ्यात बाळ बांधलेल्या आया. कुणी कुणाला ‘हे वय आहे का तुमचं’ असं विचारत नव्हतं. मला हे फार आवडलं. आपल्याकडे मोठ्या माणसाला खेळायचं असलं की मूल पुढे करावं लागतं.

टेबल मिळणं हीच काय ती मारामार. जे खेळतायत ते उठेपर्यंत उभं राहायचं. इथे मात्र आपलं पुणेरी शिक्षण कामी आलं. रविवारी सकाळी मिसळ खाणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून त्याच्या शेवटच्या घासाकडे बघत राहायची आपल्याला सवय असते. एका जोडप्याचा डाव आटपत आलेला बघून मी तशीच उभी राहिले, आणि टेबल मिळालं.

खेळ होता होड्यांचा. नदीतून आपली होडी पलीकडे न्यायची, हातातल्या पत्त्यांनी दुसऱ्यांच्या बुडवायच्या. शिकवायला हाइके नावाच्या पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. खोक्यावर सात वर्षांपुढे असं लिहिलेलं, म्हणून मंदारने त्यांना इंग्रजीत सांगितलं की आमची धाकटी सहाचीच आहे, तर ती ‘रॉ लेमन’ म्हणून खेळेल.

हाइकेबाईंनी विचार केला आणि फार अगत्याने पलीकडचा चहाचा स्टॉल दाखवला. तिथे लिंबू मिळेल म्हणाल्या.

मला हसू आवरेना. मग मंदारने लिंबाचा सगळा इतिहास उलगडून सांगितला. बाईंनी तो नीट ऐकून घेतला आणि विचारलं, “म्हणजे ती खेळते, पण ती खेळात नसते?”

तेवढ्यात इरा खुर्चीवर गुडघे टेकून उंच झाली आणि शाळेतल्या इंग्रजीत ठणकावून म्हणाली, “आय अ‍ॅम नो लेमन.”

हाइकेबाईंनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी लाल होडी उचलली आणि इरापुढे ठेवली.

इरा छान खेळली. माझी होडी तिने बिनदिक्कत बुडवली. मग सईच्या हातात वादळाचा पत्ता आला, आणि समोर एकच होडी, लाल. सई माझ्याकडे बघू लागली. मी मान हलवून नको म्हणणारच होते.

“टाक ना ताई,” इरा म्हणाली. “मी पक्की आहे.”

सईने पत्ता टाकला. इराचा ओठ थरथरला. रुमाल काढायला माझा हात पर्समध्ये गेला. पण हाइकेबाईंनी मोठ्या माणसाशी करावं तसं तिच्याशी हस्तांदोलन केलं आणि बुडलेली होडी तिच्या हातात दिली. इरा रडली नाही. बाहेर बटाट्याच्या रांगेत उभे असताना दोन थेंब आले खरे, पण ते पुसत ती म्हणाली, “आई, मी खरीखुरी हरले.” मला तिचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं. माझं बाळ त्या टेबलावर राहिलं होतं.

उरलेले दिवस आम्ही चौघं पक्के खेळलो. इरा बऱ्याचदा हरली, दोनदा जिंकली. मंदारने रिकामी बॅग पहिल्या संध्याकाळीच भरली. तिच्यात होड्यांचा खेळ होताच.

घरी परतल्यावर पहिल्या रविवारी तो मांडला आणि नानांनाही बसवलं. ते चष्मा वर-खाली करत पत्ते वाचत होते. वादळ इराच्या हातात आलं आणि समोर नानांची होडी.

सई हळूच म्हणाली, “सोड गं, आजोबा पहिल्यांदाच खेळतायत.”

“मला काय,” नाना म्हणाले, “हल्ली मी कच्चं लिंबूच आहे.”

मी आणि मंदार एकदम खाली बघायला लागलो.

“नाही आजोबा,” इरा म्हणाली. “तुम्ही पक्के.” आणि तिने त्यांची होडी बुडवली.

नानांनी ती उलटी होडी सरळ करून ठेवली. मग म्हणाले, “एवढा खर्च करून हे शिकून आलात होय.” पण दुसरा डाव त्यांनीच मांडला.

सोमवारी सकाळी ते कापडी पिशवी घेऊन दारात चपला घालत होते. मंदारने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

“मंडईत जाऊन येतो,” नाना म्हणाले. “काय आणायचं?”

“लिंबं आणा,” मी म्हटलं. “पिकलेली बघून.”