रशिया मास्तर

“सोनई! पुणे! सोनई! सोनई! राळेगण! अरं राळेगण कुनी सोडलं? चार अक्षरांचं गाव हाय ते. बबन, मधूनच उडी मारून कुठं निघालास?”

पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर उभा राहून एक किडकिडीत माणूस असा ओरडत होता. बाहेरून जाणाऱ्यांना वाटायचं, एखादा रिटायर कंडक्टर बिघडलाय. आत आम्ही चौदा जण घामाघूम होऊन फुंकत आणि बडवत होतो. हे आमचे बँडमास्तर. सोनईत त्यांना खऱ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. सगळे रशिया मास्तर म्हणत, बायकोसुद्धा. रेशनकार्डावरही तेच असावं असा माझा अंदाज आहे.

लग्नाचा बँड चारात चालतो. घोड्याचे पाय चार, नाचणाऱ्यांना येतं तेही एक-दोन-तीन-चार. मास्तर ज्याच्या नादी लागले होते, त्या रशियन संगीतकाराचं तसं नव्हतं. तीन, मग दोन, परत तीन, परत तीन, मग चार, आणि पुढं काय येईल ते त्याच्या आईलाही माहीत नसावं. आम्ही पायानं ताल मोजणारी माणसं; पहिल्या आठवड्यात आमचे पाय एकमेकांत अडकून तिघं आडवे झाले. तेव्हा मास्तरांनी ही युक्ती काढली. सोनई म्हणजे तीन, पुणे म्हणजे दोन, राळेगण म्हणजे चार. “पायात मोजू नका, गावात मोजा,” ते म्हणत. महिन्याभरात निम्मा जिल्हा आमच्या तोंडपाठ झाला. माझा तो मोठा ढोल. त्यावर मी इतका फिरलो, की एसटीनं मला पास द्यायला हवा होता.

तरुणपणी मास्तर फौजेच्या बँडात होते. तिथल्या एका साहेबांनी त्यांना पावसात अडकलेल्या दुपारी या रशियनाची तबकडी ऐकवली आणि माणूस कामातून गेला. पेन्शन घेऊन गावी आले ते क्लॅरोनेट आणि हा रशियन घेऊन. आता मोबाईल आल्यावर तर विचारू नका. शर्टाच्या खिशातल्या काच तडकलेल्या फोनवर तो रशियन कायम वाजत असे, आणि मास्तर कायम चालत असत. मी त्यांना बसून जेवताना पाहिलं नाही. भाकरी हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारायचे. कोंबड्या मागून सांडलेलं टिपत चालायच्या. त्या कोंबड्याही पुढं पुढं तीन-दोन-तीन पावलं टाकू लागल्या होत्या. खोटं सांगत असेन तर शेजाऱ्यांना विचारा.

चालता चालता ते त्या माणसाची एकेक रचना समजावून सांगत. पहिली आगीच्या पाखराची. ती ऐकून लोक वा वा म्हणाले. “वा म्हनले, तवाच त्यो बेचैन झाला,” मास्तर म्हणत. दुसरी जत्रेतल्या बाहुल्याची. भुसा भरलेला बाहुला, त्याला जीव फुटतो, आणि जीव फुटल्याबरोबर प्रेमात पडून मार खातो. त्यात दोन पट्ट्या एकमेकींवर घातल्यात. एका गल्लीत दोन वराती समोरासमोर आल्या तर कसं ऐकू येईल, तसं. तिसरी वसंताची. तिच्या पहिल्या खेळाला पॅरिसातले सभ्य लोक खुर्च्यांवरून उठून भांडले होते म्हणे. मास्तरांना याचा फार अभिमान. जणू एक खुर्ची त्यांच्याच पाठीत बसली होती.

“मग? पुढं तेच वाजवीत बसला का?” मी विचारायचो.

“न्हाई ना. तीच तर गंमत.” मग लढाईच्या दिवसांत सात वाजवणाऱ्यांत भागवलेली ती शिपायाची आणि सैतानाची गोष्ट यायची. सुटीवर घरी निघालेल्या शिपायाचं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, सैतान काढून घेतो. मग त्या माणसानं दोनशे वर्षांपूर्वीच्या चाली काढून त्यांना नवी हाडं बसवली. मग देवाची स्तोत्रं केली आणि त्यातून व्हायोलिनं हाकलून दिली. आणि म्हातारपणी, लोक पाया पडायला लागल्यावर, सगळं मोडून बारा सुरांची अशी कोरडी मांडणी धरली की ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी. देश तीन बदलले, चाली तीसदा. “टाळ्या पडल्या की मानूस तिथनं हालला पायजे,” मास्तर म्हणत. बबन ट्रम्पेटवाला हळूच म्हणायचा, “आपल्याला टाळ्या पडंनात, मग आपुन कशापायी हालायचं?”

वाजवायला मास्तरांनी निवडला तो वसंताच्या रचनेतला शेवटचा नाच, आणि त्याच्या आधीचे काही तुकडे. आमची नोटेशनं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली असत. माझ्या ढोलाच्या पानामागं कुणाची तरी चि. सौ. कां. होती.

त्या तुकड्यांत एका जागी नुसते अकरा ठोके आहेत. एकसारखे, जोरकस. केडगावच्या एका मंगल कार्यालयात आम्ही मागच्या अंगणात तयार उभे होतो. आत मंगलाष्टकं चालू. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे: शेवटचं सावधान झालं की बँड वाजतो, आणि बँड वाजला की लग्न लागलं. मांडवात मागं बसलेल्यांना भटजी ऐकू येत नाहीत. ते बँडाच्याच भरवशावर असतात. आत तिसरं मंगलाष्टक चालू होतं. मास्तरांना दम निघेना. मला म्हणाले, “त्ये अकरा एकदा बघून घे. हळू.”

माझं हळू राहुरीपर्यंत जातं. चौथ्या ठोक्याला अक्षता उडाल्या. सातव्याला अंतरपाट खाली आला. अकराव्याला नवरीनं हार घातला होता आणि निम्मं वऱ्हाड पंगतीत बसून मीठ वाढायची वाट बघत होतं. भटजी तिसऱ्या कडव्यात तोंड उघडं ठेवून उभे. नवरीच्या मामानं स्वतः रचलेलं पाच पानी मंगलाष्टक आणलं होतं, ते हातातच राहिलं. तो मामा आमच्या टेम्पोमागं चौकापर्यंत धावला, आणि धावता धावता दोन कडवी म्हणाला.

त्या घरच्या सगळ्या भावकीनं आम्हाला वाळीत टाकलं. पोरं कुरकुरू लागली. मास्तर मात्र नुसतंच म्हणाले, “ठोके चांगले झाले.”

त्याच महिन्यात त्यांचे वरचे पुढचे दोन दात हलायला लागले. दातांच्या डॉक्टरनं सांगितलं, दिवाळीनंतर थांबता येणार नाही, काढावेच लागतील. क्लॅरोनेट त्या दातांवरच टेकतं. मी म्हटलं, कवळीवरही वाजवतात की लोक. मास्तर म्हणाले, “मग ती कवळी वाजवल. मी न्हाई.” फेऱ्या दुप्पट झाल्या. आता त्यांना एकच हवं होतं: दात आहेत तोवर तो शेवटचा नाच माणसांसमोर एकदा, पहिल्यापासून शेवटापर्यंत वाजवायचा. आणि माणसं आम्हाला बोलवत नव्हती.

दिवाळी सरता सरता, दात अजून जागेवर होते तेव्हाच, एका साखर कारखान्याची सुपारी आली. गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकून हंगाम सुरू करायचा कार्यक्रम. प्रमुख पाहुणे दहाला येणार होते. एक वाजला तरी पत्ता नाही. आमची सगळी गाणी दोनदा वाजवून झाली. मांडवातले लोक पेंगले. एका बाजूला पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्यांच्या सावलीत बसल्या होत्या. मास्तर त्यांच्याकडं वळले आणि आम्हाला पत्रिका काढायला सांगितल्या.

गाडीच्या जुवाला टेकून एक म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, “कशाचं हाय ह्ये?”

मास्तरांनी सांगितलं. एका गावात थंडी सरत नाही. म्हातारे जमतात आणि एक पोरगी निवडतात. तिनं नाचायचं, पडेपर्यंत. ती पडली की वसंत येतो.

“आन् बाकीचे?”

“बसून बघत्यात.”

म्हातारीनं मंचावरच्या खुर्च्यांकडं बघितलं. आम्ही सुरू केलं. ओठांवर वाद्यं, पोटात गावं. बैल उभे राहिले. अर्ध्यावर आलो आणि फाटकातून गाड्यांचा ताफा शिरला. पाहुण्यांची गाडी दिसली की चालू गाणं तोडून स्वागताची धून धरायची, हे बँडवाल्याला दुधातून पाजलेलं असतं. चौदा जोडी डोळे गाडीवर. चेअरमन हातवारे करत धावत आले, थांबा, धून, धून. मास्तरांनी गाडीकडं पाठ केली आणि भुवई एवढीच वर उचलली. पहिला बबन परत पत्रिकेत शिरला. नेहमी कुरकुरणारा बबन. मग आम्ही सगळे.

पाहुणे गाडीच्या दारात एक पाय खाली ठेवून थिजले. चेअरमनच्या हातात शाल. आम्ही शेवटच्या पायरीवर चढलो, क्लॅरोनेट किंचाळलं, आणि संपलं. सगळं. एकही गाव न सोडता. मास्तरांच्या हनुवटीवर रक्ताची बारीक रेघ होती.

पुढं व्हायचं ते झालं. आम्हाला जेवायलाही थांबू दिलं नाही. आठवड्यात दात गेले, वर्षाच्या आत बँड मोडला. मास्तर लेकीकडं गेले, आणि गेल्या उन्हाळ्यात तिथंच, फेऱ्या मारता मारता, वारले. त्यांचं क्लॅरोनेट माझ्याकडं आहे. मला वाजवता येत नाही.

पण त्या दुपारी चेअरमन ओरडत असताना मास्तर सरळ त्या म्हातारीकडं गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना बसलेलं पाहिलं, मातीतच, तिच्यासमोर. धाप लागली होती. विचारलं, “कसं वाटलं, मावशी?”

ती म्हणाली, “दमली आसंल पोर.”