दुर्री-तिर्रीवर जिंकलेला बालाजी

गेलेल्या माणसावर जळणं कधी थांबतं?

मला माहीत नाही. बालाजीला जाऊन आज वर्ष झालं. मी अजून जळते.

बालाजी माझा चुलतभाऊ. माझ्याहून वर्षानं लहान. बारावी नापास, हदगावात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, नांदेडला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी.

पैशांचे गेम बंद व्हायच्या आधीची गोष्ट. मी सुट्टीला घरी आले होते. रविवारी दुपारी तो आमच्या ओट्यावर बसून मोबाईलवर पोकरची टूर्नामेंट खेळत होता. शेवटचे दोघेच उरले होते.

त्याच्या हातात दुर्री आणि तिर्री. याहून हलकी पानं नसतात.

टेबलावर दोघांच्या सामाईक तीन पानं उघडली. एक्का, राजा, नव्वी.

बालाजीनं होतं नव्हतं ते सगळं लावलं.

"अरे, काय करून राहिला?"

"एक्का, दुर्री, तिर्री. सिक्वेन्स झाला की ताई."

"ते तीन पत्तीत. इथं पाच पानं लागतात."

"हाव का?"

आमच्याकडं लग्नाघरी सगळे तीन पत्तीच खेळतात. त्याला तेवढेच नियम माहीत.

समोरच्यानंही सगळं लावलं. त्याच्याकडं दोन राजे, टेबलावरचा धरून तीन. बालाजी हरल्यात जमा होता.

मग चव्वी आली.

मग पंजी.

एक्क्यापासून पंजीपर्यंत ओळीनं पाच. बालाजी टूर्नामेंट जिंकला.

बाबांनी पेढे आणले. माझी डिग्री आली तेव्हा ते म्हणाले होते, "बरं झालं. आता नोकरीचं बघ."

त्याच आठवड्यात माझी पूर्वपरीक्षा एका मार्कानं गेली होती. रोज लायब्ररीत बसून.

पेढा खायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, "तुक्का लागलाय. ह्याला नियमसुद्धा माहीत नाहीत."

ते खरंच होतं. पण मी खरं सांगायचं म्हणून बोलत नव्हते.

आठ दिवसांत गावानं नाव पाडलं. तुक्का बालाजी. गिऱ्हाईकसुद्धा त्याच नावानं दुकान विचारत यायचं. तो हसायचा.

मग गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं.

परवा त्याच्या मित्रांनी चौकातल्या फ्लेक्सचा मजकूर तपासायला पाठवला. आमच्या गल्लीतलं लिहायचं काम माझ्याकडंच येतं.

"आमचा लाडका तुक्का बालाजी, प्रथम पुण्यस्मरण."

मी तो काकूला वाचून दाखवला. काकू म्हणजे त्याची आई.

"त्याला आवडायचं न्हाई ते नाव. म्हणायचा, ताईनं ठिवलंय, असू दे."

याचाही मला हेवा वाटला. एवढं मन माझ्याकडं नव्हतं.

मी ते नाव काढायचं म्हटल्यावर मित्र म्हणाले, "ताई, तुक्का काढला तर लोकं वळखतील का?"

"फोटो आहे ना."

बालाजी, तू जिंकला होतास. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. जा आता सुखानं.

'तुक्का' हा शब्द मी काढला. फ्लेक्स आज सकाळीच चौकात लागलाय.